नवी सस्पेन्शन सीट बसवली, तरी ऑपरेटरची पाठ मोडतेच

सीटवाला_भोसरी

मंडळी, गेल्या आठवड्यात एका खडीक्रशरवर जाऊन आलो. तिथल्या व्हील लोडरला (पुढच्या बकेटने खडी उचलून नेणारं यंत्र) चार महिन्यांपूर्वी आम्ही नवी सस्पेन्शन सीट बसवून दिली होती. मालकाचा फोन आला, "ऑपरेटर म्हणतो जुनीच बरी होती, ही पाठ मोडते." अकरा वर्षं मी यंत्रांच्या सीट बनवण्याच्या कामात आहे. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

पोचलो तेव्हा ऑपरेटर जेवायला गेला होता. सीटवर गोधडीची घडी टाकलेली. सीटखालचा रबरी भाता एका बाजूने फाटलेला आणि आत खडीची भुकटी इतकी साचलेली, की कात्रीचे रोलर अर्ध्या वाटेतच अडकत होते. वजनाच्या नॉबचा काटा १२० किलोवर. ऑपरेटर आला तो अंगाने अगदी बारीक. वजन विचारलं, तर "छप्पन भरतो" म्हणाला.

ज्यांना या सीटची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गादीच्या खाली पोलादी कात्री असते, तिला एक स्प्रिंग किंवा हवेचा फुगा आणि सोबत एक शॉकअप. स्प्रिंगचा ताण नॉबने बसणाऱ्याच्या वजनाइतका लावायचा. ऑपरेटर बसला की कात्री तिच्या चालीच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे, म्हणजे वर जायला आणि खाली जायला सारखी जागा राहते. छप्पन किलोच्या माणसाला एकशेवीसचा ताण दिला तर कात्री वरच्या टोकालाच चिकटून बसते. मग सस्पेन्शन असून नसल्यासारखं. उलट प्रत्येक खड्ड्याला ती टोकाच्या रबरावर आपटते आणि तो धक्का साध्या लाकडी पाटापेक्षाही वाईट लागतो.

आता गोधडीबद्दल. जितकी जाड आणि मऊ गादी तितका आराम, असं सगळ्यांना वाटतं. मलाही पहिली दोन वर्षं वाटायचं. पण हिशेब वेगळा आहे. अंगाच्या भाराने स्प्रिंग किती दबते त्यावर तिचा हेलकावा ठरतो. साधारण ११ सेंमी दबली तर सेकंदाला दीड हेलकावा, ६ सेंमी दबली तर दोन, अडीच सेंमी दबली तर तीनपेक्षा थोडे जास्त. आणि कुठलीही स्प्रिंग स्वतःच्या हेलकाव्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जलद धक्केच अडवते, त्याहून संथ धक्के ती वाढवते. बसलेल्या माणसाचं धड उभ्या धक्क्यांना सर्वांत जास्त झोंबतं ते ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या पट्ट्यात. फोम अंगाखाली जेमतेम दोन-तीन सेंमी दबतो. म्हणजे तो धक्के वाढवतो तेही नेमके या पट्ट्याच्या तोंडाशीच. फोमचं काम मांड्यांवरचा दाब पसरवणं आणि घाम निघून जाऊ देणं. मणका वाचवायचा तर खालची कात्रीच हवी.

लोडरची अडचण त्याहून मोठी आहे. मोठ्या टायरांवर अख्खं यंत्रच सेकंदाला दोनेक वेळा डोलतं, त्यामुळे दीड हर्ट्झच्या सीटलाही तिथे फार वाव राहत नाही. अशा यंत्रावर चुकीचा नॉब म्हणजे सगळंच गेलं.

आयएसओ ७०९६ या मानकाच्या चाचणीत आम्ही सीटवर दोन माणसं बसवतो, एक ५२ ते ५५ किलोचा आणि दुसरा ९८ ते १०३ किलोचा. दोघांनाही ती सीट पास झाली पाहिजे. आमची झाली होती. पण प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या वजनाला नॉब लावून देणारा माणूस शेजारी उभा असतो, क्रशरवर कोणी नसतो.

मी भाता बदलला, रोलर साफ केले, काटा छप्पनवर आणला, गोधडी काढून दिली. पण मनातून जात नाही. नव्या सीटचं डिझाइन सध्या टेबलावर आहे. तुमच्यापैकी जे रोज बसतात, किंवा ज्यांच्या घरात कोणी बसतं, त्यांनी केबिनमध्ये खरं काय होतं ते सांगा.

डंपर_वणी

भाऊ, चांगलं लिहिलं. मी खुल्या खाणीत डंपर चालवतो, सोळा वर्षं झाली. एक सांगा, त्यानं नॉब एकशेवीसवर काहून नेला, हे इचारलं का त्याले? की नुसताच खाली करून आले?

सीटवाला_भोसरी

नाही विचारलं. मला वाटलं, कारखान्यातून आला तसाच राहिला असेल किंवा आधीच्या जाड माणसाने फिरवला असेल. तुमच्या प्रश्नाने आता मलाच शंका यायला लागली. उद्याच फोन करतो.

कण्याची_काळजी

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दोनेक महिन्यांत ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते. "मणक्यात गॅप पडलाय" असं म्हणतच येतात. तक्रार कमरेची असते, पण विचारत गेलं की दिसतं, सगळा दिवस उजव्या खांद्यावरून मागे ट्रॉलीकडे बघण्यात जातो. पीळ घातलेल्या कमरेवर धक्के बसले की मणक्यांमधल्या चकतीवर ताण फार येतो. सरळ बसून तेवढेच धक्के खाल्ले तर इतकं होत नाही. त्यामुळे सीटवाल्यांना विनंती, नुसत्या वर-खालीकडे बघू नका. सीट दहा-पंधरा अंश जरी बाजूला फिरली आणि पाठीचा वरचा भाग अरुंद असला, तर खांदा मोकळा वळतो आणि मानेचा पीळ खूप कमी होतो.

ऑपरेटर लोकांनाही एक सांगते. तासन् तास बसून उठल्यावर केबिनमधून उडी मारू नका. स्नायू थकलेले, चकत्या दबलेल्या असतात, तेव्हाच चमक भरते. यंत्राकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले ठेवून उतरा. उतरल्या उतरल्या डिझेलचा कॅन उचलायचा नाही. पाच मिनिटं चाला, मग उचला.

ऊसपट्टा

सांगलीकडचा ट्रॅक्टर मालक आहे. खरं बोलतो, राग मानू नका. आमच्याकडं पहिला ट्रॅक्टर होता त्याला पत्र्याची सीट होती, खाली एक पाटा. वडिलांनी त्यावर वीस वर्षं काढली. आता एवढ्या महागड्या सीटा घ्यायच्या, आणि ड्रायव्हर त्यावर पोतंच टाकून बसणार. बाजारात जेलची गादी मिळते, स्वस्त पडते. तिनं भागत नाही का?

सीटवाला_भोसरी

राग कसला, प्रश्न रास्तच आहे. जेलने बूड दुखायचं थांबतं, मणक्याला जाणारा धक्का थांबत नाही. कारण वरच्या हिशेबात सांगितलं तेच, ती दबून दबून किती दबणार. शिवाय गादीने माणूस चार-पाच सेंमी वर जातो, पाय क्लचवर नीट टेकत नाहीत आणि पाठ टेकूपासून सुटते.

पत्र्याच्या सीटबद्दल एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. अमेरिकेत १९५० च्या दशकात जॉन डिअर कंपनीच्या नव्या ट्रॅक्टरांचं डिझाइन हेन्री ड्रेफस यांच्या कार्यालयाकडे होतं. सीटसाठी त्यांनी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांचा सल्ला घेतला. स्नायूंच्या दुखण्यावर काम करणाऱ्या या बाई पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या. ते ट्रॅक्टर १९६० मध्ये डॅलसला लोकांपुढे आले. शेतकऱ्याच्या बुडाखाली काय असावं हे ठरवायला डॉक्टरला बोलवावं, हे कोणाला तरी तेव्हाच सुचलं होतं. वडिलांनी वीस वर्षं काढली हे मान्य. त्यांची कंबर कशी आहे?

ऊसपट्टा

वाकून बूट घालता येत नाही त्यांना. मी घालून देतो.

फोर्कलिफ्ट_चाकण

सगळे आरामाबद्दल बोलताय, मी दुसरी बाजू मांडतो. एका गोदामात सेफ्टीचं काम बघतो. फोर्कलिफ्टच्या चाकांना ना स्प्रिंग ना शॉकअप, बऱ्याच गाड्यांना भरीव टायर. फरशीच्या सांध्यावरून गेलं की धक्का थेट मणक्यात. समोर माल उंच असला की पुढचं दिसत नाही, म्हणून अर्धा दिवस मान मागे वळवून रिव्हर्समध्ये. हे झालं दुखण्याचं.

जिवाचा प्रश्न सीटखालच्या स्विचचा आहे. ऑपरेटर उठला की हा स्विच गाडीची चाल आणि मास्ट (माल वर-खाली करणारा खांब) बंद करतो. आमच्याकडे एका गाडीत तो वायर जोडून कायमचा चालू करून ठेवलेला सापडला. दुसरीत सीटखाली लाकडाचा ठोकळा. चौकशी केली तर कळलं, आमचा एक ऑपरेटर हलक्या वजनाचा आहे, सांध्यावरून जाताना तो उसळला की स्विच सुटायचा आणि गाडी झटका देऊन थांबायची. वैतागून त्याने ठोकळा घातला. त्याला मेमो देण्यात आला. सीट मात्र तशीच राहिली.

आणि पट्टा. आधीच्या नोकरीत एका वळणावर उचललेल्या मालासकट गाडी कलंडली. ऑपरेटरने उडी मारली आणि डोक्यावरच्या पोलादी छताखाली आला. मी तिथेच होतो. तो पट्टा लावून आत बसला असता तर आज असता. फोर्कलिफ्ट कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, गाडी कलते त्याच्या उलट बाजूला अंग झुकवायचं. हे मी दर सोमवारी सगळ्यांकडून करून घेतो, गाडी उभी ठेवून.

डंपर_वणी

वाचून वाईट वाटलं दादा. आमच्याकडे बी पट्ट्याची सक्ती आहे. पण लोक काहून नाही लावत, हे बी ऐका. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, पट्ट्याचं लोखंड हाताले चटका देते. त्याचं कुलूप सीटच्या फटीत खाली जाऊन बसते, हातमोजा घालून शोधता येत नाही. मागे वळून पाहायचं म्हटलं की पट्टा पोटात रुततो. कोळशाच्या धुळीनं तो गुंडाळणारा डबा जाम होते, मग पट्टा ना धड बाहेर येत, ना आत जात. चार दिवस माणूस प्रयत्न करते, पाचव्या दिवशी पट्टा पाठीमागून लावून त्याच्यावरच बसते, म्हणजे बझर वाजत नाही.

सीटवाला_भोसरी

वणीकर, ही अख्खी पोस्ट मी छापून टेबलासमोर लावली आहे. कुलूप ताठ दांड्यावर, सीटच्या कडेपेक्षा वर, हातमोज्याने सापडेल असं. गुंडाळणाऱ्या डब्याला धुळीचं झाकण. कुलपावर प्लास्टिकचं आवरण. या तीन गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत, फक्त कोणी तरी मागाव्या लागतात.

पट्ट्याशिवाय केबिनच्या मजबुतीलाही अर्थ नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चिरडू न देणारी चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू वर्षागणिक घटत गेले. पण चौकट वाचवते ती तिच्या आत राहिलेल्या माणसाला. बाहेर फेकला गेला तर तीच चौकट अंगावर येते.

स्विचबद्दल फोर्कलिफ्ट_चाकण यांना एक सुचवतो. ठोकळा घालणाऱ्याच्या सीटचा नॉब किती वजनावर आहे ते आधी तपासा. नॉब जास्त वजनावर असेल तर हलका माणूस उसळणारच. आणि स्विच क्षणभर सुटला म्हणून लगेच गाडी थांबू नये, एखाद्या सेकंदाची उसंत असावी, अशी सोय नव्या गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये असते. ती चालू आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारा.

श्टुटगार्टकर

मूळचा साताऱ्याचा, इथे बांधकाम यंत्रांच्या कंपन-मापनात काम करतो. आकड्यांची थोडी भर घालतो. युरोपात २००२ च्या निर्देशाप्रमाणे अंगाला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांच्या कामावर सरासरी काढतात. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गला पोचलं की मालकाने उपाय करायला घ्यायचे, आणि १.१५ ही ओलांडायची नाही अशी मर्यादा. समजा यंत्रावर ०.८ मोजलं गेलं. मग ०.५ ची पातळी साधारण तीन तासांतच गाठली जाते. दहा तासांची पाळी असेल तर आठ तासांचा आकडा ०.९ च्या आसपास जातो.

मोजायला सीटवर एक सपाट रबरी चकती ठेवतात, तिच्यात तीन दिशांचे सेन्सर असतात. तशीच जोडणी सीटखालच्या तळावर करतात. वरचा आकडा भागिले खालचा, शंभरापेक्षा जास्त टक्के आला तर सीट धक्के वाढवते आहे. माझ्या कामात असं बऱ्याचदा आढळतं आणि बहुतेक वेळा दोष सीटच्या ठेवणीचा असतो, सीटचा नव्हे. पुढे-मागे आणि डाव्या-उजव्या धक्क्यांना १.४ ने गुणतात, कारण त्या दिशांना शरीर जास्त हळवं असतं. डोझरवाल्यांचं दुखणं बऱ्याचदा तिथेच सापडतं, आणि नुसती उभी कात्री त्याला काहीच करत नाही.

आणखी एक. सीटआधी रस्ता. ग्रेडर रोज फिरवून खाणीतला रस्ता सपाट ठेवला आणि वेग उतरवला, तर जितका फरक पडतो तितका कुठल्याच सीटने पडत नाही.

डंपर_वणी

हे शेवटचं सोळा आणे खरं. पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात तेव्हा हवेची सीट बी हात टेकते.

सीटवाला_भोसरी

क्रशरवर पुन्हा जाऊन आलो. वणीकरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि ते ऐकून मी तिथेच खाली बसलो.

नॉब त्याने स्वतःच वाढवला होता, आणि समजून-उमजून. छप्पनवर ठेवला की सीट मध्यावर येते, म्हणजे त्याच्या मूळ जागेपेक्षा पाचेक सेंमी खाली. तो पाच फूट दोन इंच. तेवढ्याने बकेटचं पातं दिसेनासं होतं आणि हॉपरजवळ (क्रशरमध्ये दगड ओततात ते तोंड) मजुरांची ये-जा असते. म्हणाला, "साहेब, पाठ माझी जाईल, पण समोरचा माणूस नको जायला." काटा एकशेवीसवर नेला की सीट वर चढते, गोधडीने आणखी चढते, पातं दिसतं. मी मूर्खपणा समजलो होतो ती गोधडी त्याने दुसऱ्याच्या जिवासाठी टाकली होती. आणि मी येऊन ती काढून घेतली. तीन दिवस तो उभा राहून, अर्धा वाकून लोडर चालवत होता.

चूक डिझाइनची आहे, म्हणजे आमची. त्या सीटला उंचीचा वेगळा खटका आहे, पण फक्त तीन टप्पे, मिळून सहा सेंमी. शिवाय तो गादीच्या कडेला दोन्ही हातांनी उचलून लावायचा, आणि हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. वरच्या टप्प्याला लावला, तरी त्याला आणखी तीनेक सेंमी हवेच होते. आम्ही आराखडा सुरू करताना बसण्याच्या बिंदूपासून सुरू करतो, पेडल आणि लीव्हर तिथून मोजतो. डोळा शेवटी येतो. आपल्याकडचे ऑपरेटर, आणि आता झारखंडमधल्या नोआमुंडीसारख्या खाणींत अवजड यंत्रं चालवायला शिकलेल्या स्त्रिया, यांच्यासाठी डोळा पहिला यायला हवा. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देवकुमार चक्रवर्तींनी भारतीय शरीरमापांचं पुस्तक १९९७ मध्येच काढलं. ते आमच्या कपाटात आहे. उघडलं किती वेळा, हे मला माहीत आहे.

सध्या सीटखाली तीन सेंमीची पोलादी चौकट टाकावी म्हणतो.

फोर्कलिफ्ट_चाकण

चौकट टाकताना जपून. पट्टा सीटला जोडलेला असेल तर उलटताना सगळा ओढा त्या चौकटीवर आणि तिच्या बोल्टांवर येतो. गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेऊ नका, यंत्राच्या कंपनीकडून मंजुरी घ्या. केबिनच्या खांबांना भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. डोकं आणि छत यांत किती जागा उरते ते मोजा. आणि पाय? सीट वर गेली की त्याचे पाय लोंबकळतील.

सीटवाला_भोसरी

बरोबर. पेडलशेजारी पायाला टेकू देणारी पट्टी करतोय, गादीची लांबीही कमी करतोय. आहे ती त्याच्या गुडघ्यामागे लागते, म्हणून तो पुढे सरकतो आणि पाठीचा टेकू वाया जातो. मंजुरीसाठी कंपनीला आजच पत्र पाठवलं. तोवर मालकाला सांगून हॉपरजवळची ये-जा दुसऱ्या बाजूने वळवली आहे आणि बकेटवर कॅमेरा लावला आहे.

बॅकहोवाल्याची_लेक

नमस्कार. आठ दिवस नुसती वाचत होते. माझे बाबा बॅकहो लोडर चालवतात, ज्याला सगळे जेसीबीच म्हणतात. अर्धा दिवस पुढे तोंड, अर्धा दिवस सीट फिरवून मागे. रात्री पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतात. तुमचं वाचून काल त्यांच्यासोबत साइटवर गेले. बाबा ८४ किलो, काटा ६० वर. प्रत्येक धक्क्याला सीट खाली ठाण्ण वाजायची, ते म्हणाले तिचा आवाजच तसा आहे. नॉब फिरवताना माणूस सीटवर बसलेला असावा की उतरलेला?

सीटवाला_भोसरी

बसलेला, ताई. रोज जसे बसतात तसे, पाठ टेकवून, पाय जागेवर ठेवून. इंजिन बंद, बकेट जमिनीवर. काही सीटना किलोच्या आकड्यांऐवजी हिरवी पट्टी असते, तेव्हा खूण त्या पट्टीत आणायची. मग त्यांना दोन-तीनदा हळू वर-खाली व्हायला सांगा, कुठल्याच टोकाला लागता कामा नये. नंतर बाबांना विचारा, दोन्हीकडची बकेट दिसते का. दिसत नसेल तर नॉबला हात न लावता उंचीचा खटका वापरा. आणि फिरवल्यावर सीटचं कुलूप दोन्ही बाजूंना नीट बसतं का तेही बघा.

बॅकहोवाल्याची_लेक

केलं. ठाण्ण थांबलं. बाबा आधी काही बोलले नाहीत, संध्याकाळी म्हणाले खोदताना मागची बकेट उलट जास्त चांगली दिसते. मागच्या बाजूचं कुलूप अर्धंच बसतं, मेकॅनिक उद्या येतोय.

डंपर_वणी

छान केलं पोरी. दुसऱ्या पाळीत कोण बसते त्या गाडीवर? त्याचं वजन बी इचारून घे.

बॅकहोवाल्याची_लेक

एक काका आहेत, ९५ किलोचे. बाबांनी आजच सीटमागच्या पत्र्यावर खडूने दोघांचे आकडे लिहून ठेवलेत, एकाखाली एक.